पहिल्यांदाच बोटॉक्स किंवा फिलर करायचंय, जाण्याआधी काय काय विचारायचं?

शेवंती

गेले दोन महिने मनात घोळतंय ते शेवटी इथे लिहितेय.

वय ४३. दोन भुवयांच्या मध्ये दोन उभ्या रेषा आहेत, त्यातली उजवी जरा जास्त खोल. मी रागावलेली नसते, तरी समोरचा विचारतो, "काही झालंय का?" मागच्या आठवड्यात मुलीने माझ्या नकळत काढलेला फोटो पाहिला. त्यात मी कुणाशी तरी कडाडून भांडतेय असं वाटतं. प्रत्यक्षात मी सुईत दोरा ओवत होते.

म्हणून एका ठिकाणी चौकशीला गेले. दहा मिनिटांत कपाळाला बोटॉक्स, गालांना फिलर, ओठांना "थोडंसं काहीतरी" असं पॅकेज हातात ठेवलं. मी गाल आणि ओठांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आजच केलं तर सवलत, उद्या नाही. टोचणार कोण असं विचारलं तर "आमची टीम". मी उठून आले, पण घरी आल्यावर वाटलं, आपल्याला नेमकं विचारायचं काय हेच ठाऊक नव्हतं.

तर माझे प्रश्न. बोटॉक्स आणि फिलर एकच का? दुखतं किती? चेहरा लाकडासारखा होतो का? एकदा सुरू केलं की सोडता येत नाही, सोडलं तर आधीपेक्षा वाईट दिसतं, हे खरं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, बिघडलं तर पुढे काय?

करावं की करू नये यावर कृपया इथे वाद नको. तो माझा माझ्याशी चालूच आहे.

निशिगंध

शेवंतीताई, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, ही इंजेक्शनं हे माझं रोजचं काम आहे. तुम्ही उठून आलात ते फार चांगलं केलंत. "आजच केलं तर" हे वाक्य ऐकलं की तिथून निघावं, इतकं माझं स्पष्ट मत आहे.

बोटॉक्स आणि फिलर या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. बोटॉक्स हे खरं तर एका ब्रँडचं नाव. औषध आहे बोट्युलिनम टॉक्सिन, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूपासून मिळणारं. मज्जातंतूच्या टोकातून अॅसिटाइलकोलिन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायूला "आवळ" असा निरोप देतं. हे औषध ते रसायन सुटू देत नाही. स्नायू सैलावतो, त्यामुळे त्याच्यावरच्या कातडीला घडी पडायची थांबते. ते काही भरत नाही, फुगवत नाही. फिलर म्हणजे जेल. जिथे खड्डा आहे किंवा भराव कमी झालाय, तिथे ते भरतात.

विष चेहऱ्यात टोचायचं या कल्पनेने अनेकांच्या पोटात गोळा येतो, म्हणून हा इतिहास सांगते. हे औषध सौंदर्यासाठी शोधलेलं नाही. अॅलन स्कॉट नावाचे डोळ्यांचे डॉक्टर तिरळेपणावर शस्त्रक्रियेशिवाय उपाय शोधत होते. तिरळेपणा आणि पापण्यांची अनावर उघडझाप यांसाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, १९८९ मध्ये त्याला मान्यता दिली. कॅनडातल्या जीन कॅरदर्स याही डोळ्यांच्याच डॉक्टर. पापण्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णांच्या भुवयांमधली आठी नाहीशी होते हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचे पती अॅलस्टेअर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. आठ्यांसाठी एफडीएची मान्यता आली ती २००२ मध्ये. म्हणजे तुमच्या त्या दोन रेषा हीच या औषधाची सौंदर्योपचारातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात अभ्यासलेली जागा आहे.

आता घरीच एक गोष्ट करून बघा. आरशासमोर मुद्दाम आठी घाला, मग चेहरा पूर्ण सैल सोडा. सैल सोडल्यावर रेष गेली तर टॉक्सिनने छान फरक पडेल. तरीही दिसत राहिली तर ती कातडीत कोरली गेलीय. पुसट होईल, पूर्ण जाईलच असं नाही. हे आधी सांगणारा डॉक्टर हवा.

बाकीचं संध्याकाळी लिहिते, ओपीडी सुरू होतेय.

पायवाट

धागा वाचतोय. मी पुरुष आहे, ३५. रात्री दात खातो, जबडा दुखतो आणि चेहरा खालून चौकोनी दिसायला लागलाय. जबड्यातही बोटॉक्स देतात असं ऐकलं. पुरुषांनाही हेच औषध का?

निशिगंध

औषध तेच. पुरुषांचे स्नायू बहुधा मोठे असतात, त्यामुळे मात्रा जास्त लागू शकते. जबड्याच्या स्नायूत देतात हे खरं, पण तो बऱ्याच देशांत अधिकृत मान्यतेबाहेरचा वापर आहे आणि तसं तुम्हाला स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे. काही आठवडे चावताना जोर कमी लागतो, हसू थोडं वाकडं होऊ शकतं. तुम्ही आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. दात झिजतायत का ते त्यांनाच कळेल.

शेवंतीताई, उरलेले प्रश्न. सुई अतिशय बारीक असते. मुंगी चावावी तसं, आणि क्षणात संपतं. भुवयांच्या मध्ये पाच ठिकाणी टोचतात. हवं तर आधी बधिर करायचं मलम लावतात, बऱ्याच जणांना बर्फही पुरतो. फिलरची सुई किंवा नळी थोडी जाड, पण बहुतेक फिलरमध्ये लिडोकेन हे बधिर करणारं औषध मिसळलेलंच असतं.

परिणाम लगेच दिसत नाही, आणि पहिल्यांदा घेणाऱ्यांची इथेच घालमेल होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाणवायला लागतं, पूर्ण परिणाम साधारण दोन आठवड्यांनी. म्हणून आठव्या दिवशी "कमी पडलं, अजून द्या" असा आग्रह धरू नका. टिकतं साधारण तीन ते चार महिने. तीन महिन्यांच्या आत पुन्हापुन्हा घेऊ नये. शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं, मग ते लागूच पडत नाही.

लाकडासारखा चेहरा होतो तो मात्रा आणि जागा चुकल्यामुळे. आणखी एक बारकावा आहे. कपाळाचा स्नायू हा भुवया वर उचलणारा एकमेव स्नायू आहे. ज्यांच्या भुवया मुळातच जड आहेत, त्यांच्या कपाळाला भरपूर औषध दिलं तर भुवया खाली बसतात, डोळे थकलेले दिसतात. म्हणून पहिल्या खेपेला कमीच घ्यावं. दोन आठवड्यांनी भर घालता येते. दिलेलं काढून घेता येत नाही.

युनिटचं नीट समजून घ्या. बोटॉक्स या ब्रँडची भुवयांमधल्या आठीसाठीची मान्य मात्रा २० युनिट आहे, पाच जागी चार-चार. डिस्पोर्ट नावाच्या दुसऱ्या ब्रँडची त्याच जागेसाठी ५० युनिट. म्हणजे ५० म्हणजे जास्त औषध असं नाही, त्यांची मापंच वेगळी. तेव्हा "किती युनिट" हा प्रश्न "कुठल्या ब्रँडची" याला जोडूनच विचारायचा.

अबोली२

मी माझं लिहिते, कारण मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दोन वर्षांपूर्वी घरात कार्य होतं, त्याच्या दहा दिवस आधी मी एका ठिकाणी कपाळ आणि भुवयांमध्ये करून घेतलं. पाचव्या दिवशी सकाळी दात घासताना आरशात पाहिलं तर डावा डोळा लहान दिसत होता. वाटलं झोप नीट झाली नसेल. दुपारपर्यंत पापणी बुबुळावर आली. वाचायचं तर मान मागे टाकावी लागत होती. फोन केला तर "होईल ठीक, मसाज करा". काय टोचलं, किती टोचलं विचारलं तर कुणाला सांगता येईना. ज्या मुलीने टोचलं ती तिथे आता नाही म्हणे. मी कुठल्या कागदावर सही केली होती का, तेही मला आठवत नव्हतं.

मग स्वतःच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थेंब दिले, धीर दिला. पूर्ववत व्हायला पाच आठवडे लागले. कार्यातल्या प्रत्येक फोटोत मी डावीकडे वळून उभी आहे.

पापणी परत आली, त्यामुळे त्याचं आता काही वाटत नाही. पण त्या फोनवर मला जे एकटं वाटलं ते अजून लक्षात आहे.

निशिगंध

अबोली, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुम्हाला जे सहन करावं लागलं त्यातली पापणी हा कधीकधी चांगल्या हातूनही होणारा दुष्परिणाम आहे. बोटॉक्सच्या भुवयांमधल्या आठीच्या मूळ चाचण्यांमध्येसुद्धा सुमारे ३ टक्के लोकांची पापणी उतरली होती. औषध पसरून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोहोचलं की असं होतं. औषधाचा जोर ओसरला की पापणी परत येते. अॅप्राक्लोनिडिनच्या थेंबांनी मधल्या काळात ती एखाद-दोन मिलिमीटर वर येते. मसाज करा हा सल्ला मात्र साफ चुकीचा. टोचल्यानंतर त्या जागा चोळायच्याच नसतात.

पण काय टोचलं हे सांगता न येणं, हा दुष्परिणाम नाही. तो निष्काळजीपणा आहे आणि त्याला दुसरा शब्द नाही.

सगळ्यांसाठी: गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर क्लिनिकला फोन करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. क्वचित होतं, पण इंजेक्शननंतर काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतं. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असेल तर आधीच सांगा, त्यांच्यासाठी धोका मोठा आहे. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल तर थांबा. सुरकुती कुठे पळून जात नाही.

आणि कुठल्याही महत्त्वाच्या कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी नको. पहिल्यांदा घेत असाल तर किमान महिनाभर आधी.

धुकं

मला डोळ्यांखालच्या खड्ड्यांसाठी फिलर करायचंय. मैत्रीण म्हणाली, "नाही आवडलं तर वितळवून टाकतात, घाबरायचं काय?" हे इतकं सोपं आहे का?

निशिगंध

नाही. या प्रश्नाला मी मुद्दाम लांब उत्तर देतेय.

वितळतं ते फक्त हायलुरॉनिक अॅसिडचं फिलर. हा पदार्थ आपल्या शरीरात असतोच. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी तो गायीच्या डोळ्यातल्या जेलीतून पहिल्यांदा वेगळा केला. नैसर्गिक रूपात तो शरीरात लवकर विरघळतो, म्हणून फिलर बनवताना त्याचे धागे रसायनाने एकमेकांना बांधतात. मग तो सहा महिने ते दीडेक वर्ष टिकतो, काही जागी त्याहूनही जास्त. हायलुरोनिडेज नावाच्या इंजेक्शनने तो वितळवता येतो. पण त्या इंजेक्शनचीही अॅलर्जी येऊ शकते. मधमाशी चावल्यावर पूर्वी मोठा त्रास झाला असेल तर ते सांगून ठेवा.

कॅल्शियम हायड्रॉक्सिलअॅपेटाइट, पॉलि-एल-लॅक्टिक अॅसिड, पीएमएमए ही फिलरं हायलुरोनिडेजने वितळत नाहीत. पीएमएमए तर कायमचं. पहिल्या खेपेला कायमचं काही घेऊ नका, कितीही कमी खर्चात मिळत असलं तरी.

डोळ्यांखालची कातडी पातळ. फिलर वरच्या थरात राहिलं तर निळसर झाक दिसते, पाणी धरून सूज दिसते. त्यात काळी वर्तुळं नुसत्या खड्ड्यामुळे असतील तरच फिलरचा उपयोग, रंगामुळे असतील तर नाही. पहिल्यांदा फिलर करायला ही जागा मी सुचवत नाही. ज्यांना त्या जागेचा भरपूर अनुभव आहे त्यांनाच दाखवा, आणि ते नको म्हणाले तर ऐका.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर ती वाहिनी बंद होते. त्या भागाची कातडी पांढरी पडते, मग जाळीसारखी जांभळट होते, आणि दुखतं, नेहमीपेक्षा वेगळं, वाढत जाणारं. नाक आणि भुवयांमधला भाग इथे सगळ्यात धोक्याचा, कारण तिथल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांना जोडलेल्या आहेत. जेल मागे ढकललं गेलं तर दृष्टी जाऊ शकते, आणि गेलेली दृष्टी परत येण्याची शक्यता फार थोडी. असं विरळा होतं. पण जगभरात झालंय, आणि अनुभवी हातूनही झालंय. शेवंतीताई, तुमच्या रेषांमध्ये "थोडं फिलर भरू" असं कुणी म्हणालं तर याच कारणासाठी नको म्हणा.

काळंनिळं होणं आणि वाहिनी बंद होणं यातला फरक लक्षात ठेवा. काळंनिळं झालेलं हळूहळू पसरतं, फारसं दुखत नाही, आठवड्या-दीड आठवड्यात जातं. पांढरं पडणं, जाळी दिसणं, कळ वाढणं यात मिनिटं मोजायची असतात. धूसर दिसणं किंवा डोळ्यात अचानक कळ म्हणजे त्याच क्षणी आणीबाणी. फिलर करणाऱ्या जागी हायलुरोनिडेज तयार ठेवलेलं असलंच पाहिजे. "तुमच्याकडे ते आत्ता फ्रिजमध्ये किंवा कपाटात आहे का? मला दाखवता?" असं विचारा. ज्याच्याकडे आहे तो रागावत नाही.

आणि धुकं, एक सिरिंज म्हणजे साधारण १ मिलीलीटर. चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. आवाक्यासाठी सांगितलं, कारण एका सिरिंजेत सगळा चेहरा बदलेल अशी काहींची अपेक्षा असते, आणि एका सिरिंजेने चेहरा फुगेल अशी काहींची भीती.

पारवा

माझ्या ओळखीत एक जण ऑनलाइन मिळणारं बिनसुईचं पेन वापरून घरीच ओठांना फिलर देते. सुईच नाही म्हणजे धोका कमी ना?

निशिगंध

उलट. ते पेन दाबाने जेल आत मारतं, किती खोल आणि कुठे याच्यावर ताबाच राहत नाही. एफडीएने २०२१ मध्ये त्याविरुद्ध जाहीर इशारा दिलाय. रक्तवाहिनी बंद पडण्याचा धोका तसाच, आणि सोडवायला शेजारी कुणी नाही. तुमच्या ओळखीतल्या त्या मुलीला प्लीज आजच सांगा. रागावेल, रागावू दे.

जुनीवही

वय ६१. मी पाच वर्षं आठ्यांसाठी बोटॉक्स घेत होते, तीन वर्षांपूर्वी थांबवलं. शेवंतीने विचारलंय ना, सोडल्यावर आधीपेक्षा वाईट दिसतं का? माझा अनुभव: नाही. तीन-चार महिन्यांत आठ्या परत आल्या, वयाप्रमाणे जेवढ्या असायच्या तेवढ्या. गुळगुळीत कपाळाची नजरेला सवय झालेली असते, म्हणून सुरुवातीला जास्त वाटतं. जुने फोटो काढून बघा, समजतं.

थांबवलं कारण कंटाळा आला. दुसरं काही कारण नव्हतं. घेत होते तेव्हाही आनंदात होते. मधे एक वर्ष मात्र असं गेलं की एक रेष गेली की मला दुसरी दिसायची. हनुवटी, मग मान, मग हात. तेव्हाच्या डॉक्टरांनी एकदा सुई खाली ठेवली आणि म्हणाल्या, "आज नको. सहा महिन्यांनी या." मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आज त्यांचं ऋण वाटतं. शेवंती, तुला नको म्हणणारी डॉक्टर शोध, बाळा.

रानफूल

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी बंद कराव्यात का? वडिलांना नाही, मलाच आहेत.

निशिगंध

स्वतःहून मुळीच बंद करू नका. ज्यांनी त्या सुरू केल्यात त्यांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवायची नाही. काळंनिळं जास्त होईल, एवढंच. चेहऱ्यावरचा डाग जातो, मेंदूतली गुठळी जात नाही. फिश ऑइल किंवा व्हिटॅमिन ई असं स्वतःच्या मनाने घेत असाल, तर ते काही दिवस थांबवता येतं.

ओठांभोवती तापाचे फोड (हर्पीस) पूर्वी येऊन गेले असतील, तर ओठांच्या फिलरआधी सांगा, प्रतिबंधक गोळ्या देतात. आणि दातांचं मोठं काम असेल तर फिलरच्या आधी-नंतर दोनेक आठवडे अंतर ठेवा.

शेवंती

तीन आठवड्यांनी परत आलेय. सगळ्यांचे आभार कसे मानू.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. प्रश्न कागदावर लिहून नेले होते, वाचताना हात थोडे थरथरत होते. त्यांनी कागद मागून घेतला आणि एकेका प्रश्नाखाली स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं. ब्रँड, युनिट, टोचणार कोण, पापणी उतरली तर कुणाला फोन करायचा, रात्री करायचा तर कुठल्या नंबरवर. त्या दिवशी टोचलंच नाही. आठवड्याने या म्हणाल्या.

आठवड्याने बाटली फ्रिजमधून माझ्यासमोर काढली. तळाशी काहीच नाही असं वाटावं इतका पातळ पांढरा थर. त्यात सलाइन सोडलं, बाटली हलवली नाही, नुसती बोटांत फिरवली. लेबलवरचा बॅच नंबर आणि मुदत मला वाचायला लावली आणि स्टिकर काढून माझ्या कार्डावर चिकटवला. आठी घालायला सांगून पेन्सिलीने पाच ठिपके काढले. फोटो काढले. गालांचा विषय मीच काढला, तर म्हणाल्या, तुमच्या गालांना काही झालेलं नाही.

टोचणं दोन मिनिटांत संपलं. तिसऱ्या टोचण्याला डोळ्यांत पाणी आलं, ते दुखल्यामुळे की सुटल्यासारखं वाटल्यामुळे, सांगता येत नाही. चार तास आडवी झाले नाही, दिवसभर चोळलं नाही, व्यायाम दुसऱ्या दिवशीपर्यंत टाळला. तिसऱ्या दिवशीपर्यंत काहीच नाही. पाचव्या दिवशी उन्हात बाहेर पडले, डोळे बारीक केले आणि भुवया नेहमीसारख्या जवळ आल्याच नाहीत. विचित्र वाटलं, खोटं कशाला सांगू. दोन दिवसांत सवय झाली.

चौदाव्या दिवशी दाखवून आले. डावी रेष गेली. उजवी आहे, पुसट. दोन युनिट वाढवता येतील म्हणाल्या, मी नको म्हटलं. मुलीला अजून सांगितलेलं नाही, तिनेही विचारलेलं नाही.

धुकं, तुमची भेट कधी आहे? माझा तो प्रश्नांचा कागद टाइप करून ठेवलाय. हवा असेल तर संपर्कातून कळवा, आजच पाठवते.

धुकं

पाठवा ताई. मंगळवारी आहे. फ्रिजचा प्रश्न सगळ्यात आधी विचारणार आहे.